सडपातळ लोरिसच्या उपजातींचे वितरण आणि अधिवास-प्रारूप : एक विवेचन

गोषवारा

दक्षिण भारत व श्रीलंका येथे आढळणारा सडपातळ लोरिस हा नरवानर गणातील लहान, निशाचर व वृक्षवासी प्राणी आहे. भारतात त्याच्या मलबारी व म्हैसुरी अशा दोन उपजाती मानल्या जातात. रात्रीच दिसणाऱ्या या प्राण्याचे संपूर्ण क्षेत्र पायी पालथे घालणे अशक्य असल्याने संगणकीय अधिवास-प्रारूपाच्या आधारे त्याच्या वितरणाचे नकाशे तयार केले जातात. असे नकाशे कसे तयार होतात, उपजातींच्या पातळीवर त्यांचा उपयोग कोणता आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. नकाशा हा वितरणाविषयीचा अंतिम निर्णय नसून प्रत्यक्ष सर्वेक्षणाला दिशा देणारे गृहीतक होय, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : सडपातळ लोरिस, उपजाती, अधिवास-प्रारूप, भौगोलिक माहिती प्रणाली, पश्चिम घाट, झुडपी रान.

१. प्रस्तावना

एखाद्या प्राण्याचे संरक्षण करावयाचे तर तो कोठे राहतो हे आधी ठाऊक असावे लागते. वाघ, हत्ती, गवा यांसारख्या मोठ्या प्राण्यांच्या बाबतीत पाऊलखुणा, विष्ठा आणि स्वयंचलित कॅमेरे यांच्या साहाय्याने ही माहिती बऱ्याच अंशी मिळते. परंतु जेमतेम पाव किलो वजनाचा, दिवसभर काटेरी जाळीत अंगाचा गोळा करून झोपणारा आणि रात्री फांद्यांवरून निःशब्दपणे सरकणारा प्राणी या साधनांच्या कक्षेत सहसा येत नाही. तो ज्या गावाच्या शिवारात राहतो त्या गावातील अनेकांनीही त्याला कधी पाहिलेले नसते.

अशा प्राण्यांच्या नोंदी विखुरलेल्या व अपुऱ्या असतात. नोंद नाही याचा अर्थ प्राणी नाही असा होत नाही. मात्र व्यवहारात तसाच अर्थ लावला जातो. रस्ता, खाण, धरण किंवा वृक्षलागवड यांचे निर्णय घेताना ज्या भूभागावर नोंद नाही तो भूभाग मोकळा समजला जातो. म्हणूनच अपुऱ्या नोंदींवरून संपूर्ण वितरणाचा अंदाज बांधण्याची पद्धती हा केवळ संगणकतंत्राचा विषय राहत नाही. प्राणिशास्त्र, भूगोल, संख्याशास्त्र आणि भूमिधोरण या चारही विषयांशी तिचा निकटचा संबंध आहे.

२. सडपातळ लोरिस : परिचय व वर्गीकरण

लोरिसिडी कुलातील लोरिस ही प्रजाती फक्त दक्षिण भारत आणि श्रीलंका येथे आढळते. लांब व काटकुळे हातपाय, शेपटीचा जवळजवळ संपूर्ण अभाव आणि चेहऱ्याच्या मानाने अतिशय मोठे, समोर रोखलेले डोळे ही तिची ठळक लक्षणे होत. तिच्या आहारात कीटकांचा, विशेषतः मुंग्या व वाळवी यांचा, भरणा मोठा असतो. लोरिस उडी मारत नाही. एका फांदीवरील पकड न सोडता तो दुसरी फांदी धरतो आणि पुढे सरकतो. त्यामुळे झाडाझुडपांच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या असणे ही त्याच्या जीवनाची मूलभूत गरज आहे. हा तपशील पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

वर्गीकरणाच्या दृष्टीने या प्रजातीचा इतिहास बराच गुंतागुंतीचा आहे. लिनियसने १७५८ मध्ये तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. स्पॅनिश प्राणिशास्त्रज्ञ काब्रेरा यांनी १९०८ मध्ये म्हैसुरी लोरिसला लिडेकेरियानस हे नाव दिले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये भारतीय उपखंडातील सस्तन प्राण्यांचे मोठे सर्वेक्षण हाती घेतले. या सर्वेक्षणातील नमुन्यांचा अभ्यास करणाऱ्या आर. सी. रॉटन यांनी १९१७ मध्ये कूर्ग प्रदेशातील नमुन्यावरून मलबारिकस या प्रकाराचे वर्णन संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑस्मन हिल यांनी श्रीलंकेतील प्रकारांचा तपशीलवार अभ्यास केला. दीर्घकाळ या सर्वांचा समावेश एकाच जातीत होत असे. कॉलिन ग्रोव्ह्ज यांनी २००१ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणानुसार प्रजातीचे दोन जातींत विभाजन झाले : श्रीलंकेतील तांबडा सडपातळ लोरिस, अर्थात लोरिस टार्डिग्रेडस, आणि भारत व श्रीलंका या दोहोंत आढळणारा करडा सडपातळ लोरिस, अर्थात लोरिस लिडेकेरियानस.

भारतातील दोन्ही उपजाती दुसऱ्या जातीत मोडतात. मलबारी उपजाती आकाराने लहान, तांबूस-तपकिरी छटेची असून पश्चिम घाटाच्या आर्द्र बाजूच्या सदाहरित व निमसदाहरित वनांत आणि लगतच्या आर्द्र पानझडी वनांत राहते. म्हैसुरी उपजाती तुलनेने मोठी, करड्या रंगाची असून घाटाच्या पर्जन्यछायेतील शुष्क पानझडी वने, काटेरी झुडपी राने, शेतांची कुंपणे आणि पूर्व घाटाचा दक्षिण भाग येथे आढळते. एकीकडे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारे अरण्य आणि दुसरीकडे हजार मिलिमीटरच्या आत पाऊस असलेले बाभळीचे रान, इतका दोघांच्या परिसरांत फरक आहे.

श्रीलंकेत हा फरक आणखी आटोपशीर भूभागात दिसून येतो. सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरच्या त्या बेटावर दोन्ही जातींच्या मिळून चार उपजाती मानल्या जातात आणि त्यांची विभागणी बेटावरील आर्द्र, शुष्क व डोंगराळ पट्ट्यांशी बऱ्याच अंशी जुळते. त्यांपैकी हॉर्टन प्लेन्स येथील दाट लोकरीसारख्या केसांची उपजाती १९३७ नंतर मोजक्याच वेळा दिसली होती. ती नामशेष झाली असावी असा समज रूढ झाल्यावर २००२ मध्ये तिचे ओझरते दर्शन घडले आणि तिची छायाचित्रे २०१० मध्ये जगासमोर आली. प्राणी जिवंत असतानाही नोंदींच्या अभावी तो नाहीसा झाल्याचा निष्कर्ष कसा निघू शकतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

३. अधिवास-प्रारूपामागील संकल्पना

प्रत्येक जीव विशिष्ट परिस्थितीतच तग धरतो, ही कल्पना जुनीच आहे. तिला परिस्थितिकीय कोनाडा असे नाव देऊन अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल यांनी १९१७ मध्ये कॅलिफोर्नियातील एका पक्ष्याच्या संदर्भात तिची मांडणी केली. हचिन्सन यांनी १९५७ मध्ये तिला गणिती रूप दिले. तापमान, पर्जन्य, आर्द्रता अशा प्रत्येक घटकाला एक अक्ष मानले, तर जीवाला मानवणाऱ्या मर्यादांनी या बहुमितीय अवकाशात एक क्षेत्र आखले जाते. ते क्षेत्र म्हणजे त्या जीवाचा कोनाडा होय.

अधिवास-प्रारूप या विचाराचा उलट दिशेने उपयोग करते. प्राणी जेथे आढळला त्या ठिकाणांची परिस्थिती कशी आहे हे प्रथम पाहिले जाते. त्यावरून कोनाड्याचा अंदाज बांधला जातो. आणि तशीच परिस्थिती नकाशावर आणखी कोठे आहे याचा शोध घेतला जातो. थोडक्यात, हा प्रवास नकाशावरील बिंदूंपासून परिस्थितीच्या अवकाशाकडे आणि तेथून पुन्हा नकाशाकडे असा होतो.

या पद्धतीचे हाती येणारे फलित मात्र काळजीपूर्वक समजून घेतले पाहिजे. प्रारूप दाखवते ते संभाव्य क्षेत्र, म्हणजे परिस्थिती अनुकूल असलेले क्षेत्र. प्रत्यक्ष वितरण त्याहून निराळे असू शकते. मधली नदी किंवा खिंड ओलांडता न आल्याने प्राणी अनुकूल जागी पोहोचलेलाच नसतो. कोठे तो पूर्वी होता आणि जंगलतोडीमुळे नष्ट झालेला असतो. तर कोठे स्पर्धक किंवा भक्षक त्याला टिकू देत नाहीत. यांपैकी कोणतीही गोष्ट हवामानाच्या आकड्यांत उमटत नाही.

४. नकाशा कसा तयार होतो

४.१ आढळ-नोंदी

पहिली सामग्री म्हणजे प्राणी प्रत्यक्ष दिसल्याच्या नोंदी. लोरिसच्या डोळ्यांतील परावर्तक पटलामुळे विजेरीच्या प्रकाशात त्याचे डोळे निखाऱ्यांसारखे नारिंगी-तांबडे चमकतात. सर्वेक्षक रात्री डोक्याला दिवा बांधून ठरावीक वाटेने सावकाश चालतात. प्राणी बिचकू नये म्हणून दिव्यावर अनेकदा तांबडा कागद लावला जातो. डोळे चमकताच ते कोणत्या प्राण्याचे आहेत याची खात्री केली जाते, कारण उदमांजर, उडती खार किंवा रातवा यांचेही डोळे चमकतात. त्यानंतर उपग्रहाधारित स्थाननिश्चिती उपकरणाने अक्षांश-रेखांश टिपले जातात. पाहणीचे फलित सामान्यतः दर किलोमीटरमागे दिसलेल्या प्राण्यांच्या संख्येने मांडतात.

तमिळनाडूतील दिंडिगल परिसरातील अशा पाहणीचे निष्कर्ष १९९९ मध्ये, तर कर्नाटकातील विस्तृत पाहणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. या व इतर क्षेत्रकार्यातून दोन्ही उपजातींच्या अधिवासांविषयी विश्वासार्ह माहिती हाती आली. त्यापुढील पायरी म्हणून होन्नवल्ली कुमार, इरफान-उल्लाह व शांतला कुमार यांनी २००९ मध्ये द्वीपकल्पीय भारतातील लोरिसच्या उपजातींच्या संभाव्य वितरणाचा नकाशा मांडणारा अभ्यास प्रसिद्ध केला. निशाचर प्राण्याच्या उपजातींचा स्वतंत्रपणे विचार करणारा प्रयत्न म्हणून तो लक्षणीय आहे.

४.२ परिस्थितीचे स्तर

दुसरी सामग्री म्हणजे परिस्थितीची माहिती. भौगोलिक माहिती प्रणालीत ती एकावर एक ठेवलेल्या स्तरांच्या रूपात असते. प्रत्येक स्तर लहान चौकटींत विभागलेला असून प्रत्येक चौकटीला एक मूल्य असते. जागतिक हवामानाची २००५ मध्ये उपलब्ध झालेली वर्ल्डक्लिम ही माहिती-संहिता या कामासाठी सर्वाधिक वापरली जाते. तिच्या सर्वांत सूक्ष्म स्तराची चौकट सुमारे एक किलोमीटर बाजूची आहे. तापमान व पर्जन्य यांपासून काढलेले १९ जैवहवामानीय चल तीत मिळतात : वार्षिक सरासरी तापमान, वार्षिक पर्जन्य, पर्जन्याची हंगामी विषमता, सर्वांत कोरड्या तिमाहीतील पर्जन्य इत्यादी. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीसाठी फेब्रुवारी २००० मधील अंतराळयानाच्या रडार मोजणीचा आधार घेतला जातो. वनस्पतींच्या हिरवेपणाचा निर्देशांक उपग्रह-प्रतिमांवरून काढला जातो.

हे सर्व चल एकाच वेळी वापरणे इष्ट नसते. त्यांपैकी अनेक चल एकमेकांशी घट्ट निगडित असतात आणि त्यामुळे नेमका कोणता घटक निर्णायक आहे हे समजेनासे होते. प्राण्याच्या जीवनक्रमाशी ज्यांचा संबंध सांगता येतो असे मोजकेच चल निवडणे श्रेयस्कर ठरते.

४.३ गणनविधी

तिसरी पायरी गणनाची. ऑस्ट्रेलियात विकसित झालेला बायोक्लिम हा सर्वांत साधा विधी. प्रत्येक चलाची किमान व कमाल मर्यादा आढळ-नोंदींवरून ठरवून त्यांच्या आत येणारा प्रदेश तो अनुकूल मानतो. १९९० च्या दशकात पुढे आलेला गार्प हा विधी उत्क्रांतीच्या धर्तीवर काम करतो. तो अनेक नियम तयार करतो, त्यांत फेरबदल व संकर घडवून आणतो आणि नोंदींशी उत्तम जुळणारे नियम राखून ठेवतो. फिलिप्स, अँडरसन व शापिरे यांनी २००६ मध्ये मांडलेला मॅक्सेंट हा विधी आज सर्वाधिक प्रचलित आहे. तो महत्तम एन्ट्रॉपीच्या तत्त्वावर आधारलेला आहे. ज्ञात नोंदींनी घातलेली बंधने पाळून, त्यापलीकडे कोणतेही अतिरिक्त गृहीत न धरता, शक्य तितके समप्रमाणात पसरलेले संभाव्यता-वितरण तो शोधतो. प्राणी नसल्याच्या नोंदी त्याला लागत नाहीत. त्याऐवजी प्रदेशातून यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या पार्श्वभूमी बिंदूंशी तो आढळ-बिंदूंची तुलना करतो. लोरिससारख्या प्राण्याच्या बाबतीत ‘नाही’ असे खात्रीने सांगणे कठीण असल्याने ही सोय मोलाची आहे.

४.४ पडताळा

अखेरची पायरी पडताळ्याची. काही नोंदी आरंभीच बाजूला काढून ठेवतात आणि प्रारूपाने त्या ठिकाणांना अनुकूल ठरवले आहे काय हे तपासतात. येथे दोन प्रकारच्या चुका संभवतात : प्राणी असलेले ठिकाण वगळले जाणे आणि प्राणी नसलेले ठिकाण समाविष्ट होणे. प्रारूपाचा दर्जा सांगण्यासाठी शून्य ते एक या दरम्यानचा एक निर्देशांक, वक्राखालील क्षेत्रफळ, सर्रास दिला जातो. तो एकाच्या जितका जवळ तितके प्रारूप चांगले, असे मानण्याची प्रथा आहे. परंतु अभ्यासक्षेत्र जितके मोठे घ्यावे तितका हा निर्देशांक आपोआप वाढतो. लोरिसच्या प्रारूपात राजस्थानच्या वाळवंटाचा समावेश केला, तर तेथे लोरिस नाही हे कोणतेही प्रारूप सहज सांगेल आणि निर्देशांक उंचावेल. वास्तविक कसोटी पालघाट खिंडीच्या किंवा घाटमाथ्याच्या आसपास, दोन उपजातींची क्षेत्रे जेथे जवळ येतात तेथे असते.

५. उपजातींचा प्रश्न

दोन्ही उपजातींच्या नोंदी एकत्र करून एकच प्रारूप तयार केले तर काय होईल? आर्द्र वन व शुष्क रान या दोन्हींतील बिंदू एकाच कोनाड्यात घातले जातील. परिणामी तो कोनाडा अतिशय रुंद होईल आणि दक्षिण भारताचा बहुतेक भाग अनुकूल रंगात रंगेल. असा नकाशा पाहणाऱ्याला या प्राण्याची चिंता करण्याचे कारण दिसणार नाही. याउलट स्वतंत्र प्रारूपे तयार केली, तर प्रत्येक उपजातीच्या गरजा आणि तिच्यापुढील संकटे वेगवेगळी दिसू लागतात. मलबारी उपजातीचे क्षेत्र पश्चिम घाटाच्या अरुंद पट्ट्यापुरते सीमित असले, तरी तेथे राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये पुष्कळ आहेत. म्हैसुरी उपजातीचे क्षेत्र विस्तीर्ण असले, तरी त्याचा मोठा हिस्सा संरक्षित क्षेत्रांबाहेर, शेती व वस्तीच्या सान्निध्यात आहे. एकत्रित नकाशात हा भेद पुसला जातो.

मात्र स्वतंत्र प्रारूपांमागे एक तार्किक सापळा आहे. क्षेत्रकार्यात प्रत्येक लोरिस हातात घेऊन तपासता येत नाही. उंच फांदीवर चमकणाऱ्या डोळ्यांवरून उपजाती ओळखणे दुरापास्त असते. अशा वेळी ‘पश्चिम उतारावर दिसला म्हणून मलबारी, पूर्वेच्या कोरड्या रानात दिसला म्हणून म्हैसुरी’ अशी विभागणी करण्याचा मोह होतो. त्या विभागणीवर प्रारूप उभे करून ‘दोन्ही उपजातींचे कोनाडे भिन्न आहेत’ असा निष्कर्ष काढला, तर तो वर्तुळाकार युक्तिवाद ठरतो. जे गृहीत धरले तेच सिद्ध झाल्यासारखे दिसते. यावर उपाय एकच : रंग, आकार, डोळ्यांभोवतीच्या गडद वलयाची ठेवण यांसारख्या शारीरिक लक्षणांवरून किंवा जनुकीय पुराव्यावरून उपजाती निश्चित झालेल्या नोंदीच प्रारूपासाठी वापरणे आणि संदिग्ध नोंदी वेगळ्या ठेवणे. नोंदींची संख्या त्यामुळे घटते आणि लहान संख्येवरील प्रारूप अस्थिर होण्याचा धोका वाढतो. संख्या आणि शुद्धता यांतील हा तोल अभ्यासकाला प्रत्येक वेळी नव्याने साधावा लागतो.

६. उत्तरेकडील सीमा : गोवा आणि सिंधुदुर्ग

महाराष्ट्र व गोवा यांच्या दृष्टीने मलबारी उपजातीच्या उत्तर सीमेचा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा आहे. गोव्यातील खोतीगाव अभयारण्याच्या प्राणीसूचीत लोरिसचा उल्लेख आढळतो. तेथून सह्याद्रीची रांग सलगपणे सिंधुदुर्गात शिरते. नकाशावर या रांगेला किती अनुकूल रंग द्यावा हे कोणत्या चलाला महत्त्व दिले यावर अवलंबून राहते.

केवळ वार्षिक पर्जन्याचा विचार केला, तर आंबोलीसारखे ठिकाण अत्यंत अनुकूल ठरेल. तेथील वार्षिक पर्जन्य सात हजार मिलिमीटरच्या आसपास असून केरळातील अनेक वनांपेक्षा ते अधिक आहे. परंतु हा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पश्चिम घाटात दक्षिणेकडून उत्तरेकडे जावे तसा एकूण पाऊस घटतोच असे नाही. वाढतो तो कोरड्या ऋतूचा कालावधी. केरळच्या दक्षिण भागात तो तीन-चार महिन्यांचा, तर महाराष्ट्राच्या सह्याद्रीत सात-आठ महिन्यांचा असतो. वर्षभर कीटकांवर जगणाऱ्या प्राण्याच्या दृष्टीने पावसाची एकूण रक्कम महत्त्वाची, की ऐन उन्हाळ्यात टिकून राहणारा ओलावा महत्त्वाचा, हा प्रश्न येथे निर्णायक ठरतो. कोरड्या तिमाहीतील पर्जन्य हा चल घेतला तर नकाशावरील अनुकूल पट्टा दक्षिणेकडे सरकतो; वार्षिक पर्जन्य घेतले तर तो उत्तरेकडे पसरतो. गणनविधी तोच, नोंदीही त्याच. चलाच्या निवडीने मात्र एका जिल्ह्याचे भवितव्य बदलते. म्हणून प्रारूप तयार करणाऱ्याला प्राण्याच्या जीवनक्रमाचे ज्ञान असणे अपरिहार्य आहे.

७. मर्यादा

पहिली मर्यादा नोंदींच्या विषम वाटपाची. रात्रीचे सर्वेक्षण बहुधा रस्त्यांच्या कडेने, विश्रामगृहांच्या जवळ व परवानगी मिळालेल्या वनक्षेत्रांत होते. प्रारूपाला ही अडचण ठाऊक नसते. सर्वेक्षक जेथे गेले तेथील परिस्थितीलाच ते प्राण्याची आवड समजते. पार्श्वभूमी बिंदूही सर्वेक्षण झालेल्या भागांतूनच निवडणे आणि दाटीने असलेल्या नोंदी विरळ करणे या उपायांनी हा दोष कमी होतो, पूर्णपणे नाहीसा होत नाही.

दुसरी मर्यादा मापाची. लोरिसचा वावर काही हेक्टरांपुरता असतो. एक किलोमीटर बाजूच्या एका चौकटीत शंभर हेक्टर जमीन मावते, म्हणजे अनेक लोरिसांची वावरक्षेत्रे एकाच मूल्याखाली दडपली जातात. चौकटीतील पाऊस व तापमान तेच राहते. पण शेताची काटेरी कुंपणे तोडून तारेचे कुंपण घातले, की उडी न मारणाऱ्या या प्राण्याची वाट तुटते. रस्ता ओलांडण्यासाठी त्याला जमिनीवर उतरावे लागते आणि तो वाहनाखाली सापडतो, किंवा विजेच्या तारांचा आधार घेतो आणि दगावतो. यातले काहीही हवामानाच्या स्तरात दिसत नाही. बेंगळुरूसारख्या महानगरात, भारतीय विज्ञान संस्थेच्या परिसरातील जुन्या झाडीत लोरिस आजवर तग धरून आहेत, तर शहराच्या इतर अनेक भागांत त्यांना जागा उरलेली नाही. दोन्हींचे हवामान एकच आहे; भेद फांद्यांच्या सलगतेचा आहे.

तिसरी मर्यादा काळाची. वर्ल्डक्लिमच्या पहिल्या आवृत्तीतील सरासऱ्या मुख्यत्वे १९५० ते २००० या काळातील, तर २०१७ मधील दुसऱ्या आवृत्तीतील सरासऱ्या १९७० ते २००० या काळातील आहेत. संग्रहालयातील नमुने त्याहूनही जुने असू शकतात. शंभर वर्षांपूर्वी नमुना मिळाला ते ठिकाण आज कॉफीचा मळा किंवा जलाशय असेल, तर त्या नोंदीला आजच्या भू-आच्छादनाशी जोडणे भ्रामक ठरते.

चौथी मर्यादा ‘न दिसण्या’ची. नकाशाने सुचवलेल्या जागी एक रात्र पाहणी करून प्राणी दिसला नाही, म्हणून प्रारूप चुकले असे म्हणता येत नाही. समजा, प्राणी तेथे असताना एका रात्रीत तो दिसण्याची शक्यता ३० टक्के आहे. मग सलग तीन रात्री तो न दिसण्याची शक्यता ०.७ चा घन, म्हणजे सुमारे ३४ टक्के इतकी राहते. ती सहा टक्क्यांच्या आत आणण्यासाठी आठ रात्री लागतात. हे गणित साधे असले, तरी अनेक पाहणी-अहवालांत त्याची दखल घेतली जात नाही.

८. नकाशा आणि भूमिधोरण

या सर्व मर्यादा असूनही अधिवास-प्रारूपाचे महत्त्व कमी होत नाही. मर्यादित मनुष्यबळ व निधी असताना कोणत्या टेकडीवर आधी जावे, हे ते सांगू शकते. मात्र त्याचा सर्वांत मोठा उपयोग एका प्रशासकीय विसंगतीवर बोट ठेवण्यासाठी होऊ शकतो. म्हैसुरी लोरिसचा अधिवास असलेली काटेरी झुडपी राने आपल्या भूमिवर्गीकरणात सामान्यतः पडीक जमिनीच्या सदरात पडतात. राष्ट्रीय पातळीवर २००० पासून प्रसिद्ध होत आलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी जमीन हा एक वर्गच आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्थान देऊन ज्या प्राण्याला कायद्याने सर्वोच्च संरक्षण दिले, त्याच्या राहत्या जागेला दुसऱ्या दस्तऐवजात निरुपयोगी ठरवले जाते. पडीक म्हटलेली जमीन उद्योग, लागवड किंवा वसाहतीसाठी देण्यास कोणाची हरकत येत नाही. उपजातीचा संभाव्य वितरण-नकाशा आणि पडीक जमिनींचा नकाशा एकावर एक ठेवून पाहिल्यास ही विसंगती कोणालाही डोळ्यांनी दिसू शकेल.

या दिशेने एक आशादायक पाऊल तमिळनाडूत पडले आहे. करूर व दिंडिगल जिल्ह्यांतील ११,८०६ हेक्टर क्षेत्र ऑक्टोबर २०२२ मध्ये कडवूर सडपातळ लोरिस अभयारण्य म्हणून घोषित झाले. लोरिससाठी घोषित झालेले हे देशातील पहिले अभयारण्य होय. त्याची निर्मिती उंच सदाहरित वनात न होता कोरड्या प्रदेशात झाली, ही बाब अर्थपूर्ण आहे. हे क्षेत्र सुमारे ११८ चौरस किलोमीटरचे आहे. प्रारूपाच्या एक किलोमीटर चौकटींच्या भाषेत बोलायचे तर दक्षिण भारताच्या नकाशावरील जेमतेम शे-दीडशे चौकटी. म्हैसुरी उपजातीच्या विस्तीर्ण क्षेत्राच्या तुलनेत हा अंश अल्प असला, तरी झुडपी रानालाही अभयारण्याचा दर्जा मिळू शकतो हे त्याने दाखवून दिले.

९. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. एक, लोरिससारख्या निशाचर प्राण्याच्या बाबतीत अधिवास-प्रारूप हे क्षेत्रपाहणीला पर्याय नसून तिचे पूरक साधन आहे. दोन, जातीच्या पातळीवरील एकत्रित नकाशा उपजातींच्या भिन्न गरजा झाकून टाकतो. म्हणून प्रारूपे स्वतंत्र असावीत, परंतु नोंदींची उपजातिनिश्चिती स्थानावरून न करता लक्षणांवरून व्हावी. तीन, चलांची निवड संगणकावर सोपवता येत नाही. ती प्राण्याच्या जीवनक्रमाच्या ज्ञानावर आधारलेली असावी लागते. चार, नकाशाबरोबर त्याची अनिश्चितता, वापरलेल्या नोंदींची संख्या व काळ आणि सर्वेक्षण न झालेले भाग स्पष्टपणे दाखवले गेले पाहिजेत.

या कामात महाविद्यालयांना करण्यासारखे पुष्कळ आहे. आवश्यक संगणकप्रणाली व हवामान-स्तर विनामूल्य उपलब्ध आहेत. प्राणिशास्त्र विभागाने नोंदींची शहानिशा करावी, भूगोल विभागाने स्तर तयार करावेत, संख्याशास्त्र विभागाने पडताळा घ्यावा, अशी विभागणी एकाच महाविद्यालयात शक्य आहे. कोकणातील व सीमावर्ती भागातील महाविद्यालयांनी वन विभागाच्या परवानगीने सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला एकाच ठिकाणी पुनःपुन्हा रात्रपाहणी केली आणि दिसल्याबरोबरच न दिसल्याच्या रात्रींचीही काटेकोर नोंद ठेवली, तर मलबारी उपजातीच्या उत्तर सीमेचा प्रश्न अनुमानाच्या पातळीवरून पुराव्याच्या पातळीवर येईल. तोपर्यंत नकाशावरील रंग हे केवळ ‘येथे शोध घ्यावा’ एवढेच सांगतात. आणि रंग नसलेली जागा ‘येथे कोणी नाही’ असे कधीच सांगत नाही.